तारीख कुणी विचारली नाही

त्या उन्हाळ्यात मी एक वाईट गोष्ट केली, आणि ती करताना जागची हललेसुद्धा नाही. गप्प बसून राहिले, एवढंच. आमच्या लोकांत गप्प बसण्याला फार मान आहे, त्यामुळे त्यात काही वाईट होतं हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. मला मात्र तेव्हाच ठाऊक होतं.

मी ऑर्फा हॅडली. ओहायोच्या पूर्वेकडच्या टेकड्यांत माझा घेवड्याचा मळा आहे, आठ सफरचंदाची झाडं आहेत आणि एक बहिरा कुत्रा आहे. आम्ही क्वेकर, ख्रिस्ती लोकांतला एक लहान पंथ. आमच्या सभाघरात वेदी नाही, पाद्री नाही, गाणं नाही. बाकांवर बसायचं आणि वाट बघायची. आतून काही उमटलं तर उभं राहून बोलायचं, नाही उमटलं तर तासाभराने शेजाऱ्याचा हात हातात घेऊन घरी जायचं. आमच्या जुन्या घरांत अजून अहो-जाहो नाही, सगळ्यांना तू. तरुणपणी मी क्षेपणास्त्रांच्या गाडीपुढे रुळांवर जाऊन बसले होते, तेव्हा न्यायाधीशालाही तूच म्हणाले. त्याने तुरुंगाच्या तीस दिवसांचे चाळीस केले. म्हणून मला कुणी शांत स्वभावाची म्हटलं की हसू येतं.

सभाघराच्या खिडक्यांच्या काचा दोनशे वर्षांपूर्वीच्या. जुनी काच सपाट नसते, तिच्यातून आलेलं ऊन भिंतीवर पाण्यासारखं हलत राहतं. ते बघत बघत मी लहानाची म्हातारी झाले. पंधरा-वीस मिनिटं गेली की बाकाची कड टोचायची थांबते. मग मांडीवरचे हात आपले की शेजारणीचे ते कळेनासं होतं. माशीची भुणभुण खूप लांबून येते, दुसऱ्याच कुठल्या उन्हाळ्यातली असावी तशी. त्याच्याही खाली एक जागा आहे, तिला आम्ही उजेड म्हणतो. प्रत्येक माणसात तो आहे असं आम्ही मानतो, न्यायाधीशातसुद्धा.

आता पोटातल्या जिवात तो कधी लागतो, हा प्रश्न. आमच्या सभेत माणसं अठरा आणि यावर मतं एकोणीस, कारण एलवुडची दोन आहेत. बाकीच्या पंथांनी केव्हाच फळ्यावर लिहून टाकलं, हे पाप आहे किंवा हे पाप नाही. आम्हीही एकदा लिहायला बसलो होतो. आमच्यात मतदान नसतं, सगळ्यांचं मन एका जागी आलं तरच कागदावर शाई टेकते. तीन वर्षं बसलो. शेवटी एक ओळ लिहिली, की या बाबतीत आमचं एकमत नाही आणि तरीही आम्ही एकमेकांशेजारी बसत राहू. बाईचं बाईने ठरवावं असं मानणाऱ्या मर्लिसला ती ओळ भ्याडपणाची वाटली. मलाही वाटली, पण उलट्या बाजूने. मी कशालाच मारत नाही. युद्धाला नाही म्हणाले, फाशीला नाही म्हणाले, घरातले उंदीर पिंजऱ्यात धरून ओढ्यापलीकडे सोडून येते. पोटातला उजेड कधी लागतो ते मला माहीत नाही, म्हणून मी तिथे फुंकरच मारत नाही. माझं मत एवढंच, आणि ते आजही तसंच आहे.

कोरिन मॅरिस सहाव्या महिन्याच्या, म्हणजे जूनच्या, अखेरीस माझ्या मळ्यात आली. मी वाकून शेंगा खुडत होते. तीही काही न बोलता पुढच्या ओळीत वाकली आणि खुडू लागली. अर्धी टोपली भरल्यावर म्हणाली, "ऑर्फा, मला दिवस गेलेत."

मी कंबर सरळ केली. ती छत्तीस वर्षांची, शाळेची बस चालवायची. मोठा मुलगा सहाचा, धाकटी विनी तीनची. नवरा ऑल्डन दूर आयोवात पवनचक्क्यांवर कामाला, महिन्यातले वीस दिवस तिकडेच. विनी झाल्यानंतर कोरिनचं मन आजारी पडलं होतं. एका सकाळी ती खाणीच्या तळ्यात कमरेपर्यंत पाण्यात उभी सापडली, विनीला काठावर गवतात निजवून. दुधाची गाडी त्या वाटेने गेली म्हणून. चार महिने ती इस्पितळात होती. परत आली तेव्हा स्वतःच्या स्वयंपाकघरात चमचे कुठे असतात हे विचारायची.

"डॉक्टर काय म्हणते?" मी विचारलं.

"म्हणते, पुन्हा होईल. कदाचित जास्त." तिने एक शेंग मोडली, आतले दाणे बघितले, टोपलीत टाकली. "आपल्या राज्यात आता गर्भपात कायद्याने होत नाही. पिट्सबर्गला नंबर लावलाय. चौदा तारखेला, गुरुवारी. त्याआधी मला निवळणी हवी. तू बोलावशील?"

निवळणी ही आमची जुनी रीत. कुणाच्या मनात गढूळ झालं की तो तीन-चार जणांना बोलावतो. ते त्याच्याभोवती बसतात. सल्ला द्यायचा नाही, मत सांगायचं नाही, आपल्या मावशीचं काय झालं ते तर मुळीच सांगायचं नाही. फक्त प्रश्न विचारायचे, तेही खरे, ज्यांचं उत्तर आपल्याला ठाऊक नाही असे. आणि मध्ये बसलेल्याने जे विचारलं तेवढ्याचंच उत्तर द्यायचं. पाणी ढवळलं नाही तर गाळ आपोआप खाली बसतो, असा आमचा विश्वास.

"माझं मत तुला माहीत आहे," मी म्हणाले.

"सगळ्या तालुक्याला माहीत आहे."

"मग मी कशाला?"

"एलवुडला सांग, आणि मर्लिसला. आणि तू," ती म्हणाली आणि टोपली माझ्या पायाशी ठेवून गेली. मला वाटलं, पोरीला थांबवून घ्यायचंय. कुणीतरी अडवावं म्हणून ती माझ्याकडे आलीय. हा अर्थ मी काढला, कारण तो मला हवा होता.

दोन तारखेला, शनिवारी दुपारी आम्ही सभाघरात बसलो. बाक ओढून चौकोन केला. एलवुड चौऱ्याऐंशीचा, त्याला एका कानाने ऐकू येतं आणि तो नेहमी त्याच बाजूला बसतो जिथून कमी ऐकू येईल. मर्लिस तालुक्याच्या ग्रंथालयात, पन्नाशीची, चटपटीत, गळ्यात चष्म्याची साखळी. कोरिन मध्ये. बाहेर मक्याच्या शेतांवर वाफ धरली होती आणि भिंतीवर ऊन हलत होतं.

खूप वेळ कुणी बोललं नाही. मग एलवुड म्हणाला, "कोरिन, तू एकटी असतेस तेव्हा कशी असतेस?"

तिने विचार केला. "घरात कुणीतरी दुसरीच बाई असल्यासारखं वाटतं. तिला मी जेवायला वाढते."

ऊन खिडकीवरून सरकून दुसऱ्या बाकावर आलं. मर्लिसने विचारलं, "ज्या दिवशी तुला बरं वाटतं, त्या दिवशी काय वेगळं असतं?"

"विनीच्या केसांचा वास येतो. बाकीच्या दिवशी येत नाही."

"आता येतो?"

"गेल्या आठवड्यापासून येत नाही."

मी हे ऐकलं. खोटं कशाला सांगू, ऐकलं आणि माझ्यात काहीतरी हललंही. पण मग मी माझा प्रश्न विचारला, जो मी दोन दिवस घासूनपुसून ठेवला होता. "जो अजून बोलू शकत नाही, त्याच्याकडून तुला काय ऐकू येतं?" प्रश्नाच्या वेषातला सल्ला होता तो. मर्लिसने माझ्याकडे असं पाहिलं की लहान मूल असतं तर रडलं असतं.

कोरिन रागावली नाही. म्हणाली, "ऐकू येतं. रोज येतं. काय म्हणतं ते कळत नाही."

असे दोन तास गेले. प्रश्न विहिरीत सोडल्यासारखे एकेक खाली जात होते आणि त्यांचा आवाज फार उशिरा येत होता. मला आठवतं, मध्ये कधीतरी मी पेंगले नव्हते तरी स्वप्नात होते. आम्ही चौघं एका नावेत आहोत, पाणी स्वच्छ आहे, तळ दिसतोय, तळावर गवत वाऱ्याने हलावं तसं हलतंय, आणि कुणालाच वल्हवायची घाई नाही. फार सुंदर होतं ते. आमच्या लोकांचं सगळं बळ तिथे आहे. आणि आमची खोडही तिथेच आहे, कारण त्या सुंदर नावेत कुणाला घड्याळाची आठवण होत नाही. दोन तासांत आम्ही तिच्या मनाचा तळ गाठायला निघालो होतो आणि एकानेही विचारलं नाही की बाई गं, तारीख कितीची आहे.

शेवटी एलवुड खाकरला. "मला अजून निवळलेलं दिसत नाही," तो म्हणाला. "मुरू द्यावं. या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी पुन्हा बसू. चालेल?"

मुरू द्यावं, हा आमच्यातला शेवटचा शब्द. लोणचं काय, ठराव काय, लग्न काय, आम्ही सगळं मुरू देतो. मर्लिसने मान डोलावली, तिला वाटलं वेळ आहे. तिला माहीतच नव्हतं. एलवुडला माहीत नव्हतं. शेवटचा शनिवार म्हणजे तीस तारीख. नंबर चौदाला होता. ते माहीत होतं फक्त मला आणि कोरिनला.

कोरिनने माझ्याकडे पाहिलं.

मी मनात हिशेब केला, दिवसांचा. दहाव्या आठवड्यापर्यंत गोळ्यांवर भागतं, त्यानंतर नाही. पिट्सबर्गला आता तीन राज्यांतल्या बायका जातात, एकदा नंबर चुकला की पुन्हा कधी लागेल सांगता येत नाही. कोरिन निवळणी संपल्याशिवाय जाणार नाही, लहानपणापासून आम्हीच तिला तसं वाढवलंय. म्हणजे कुणी काही न करता, कुणी कुणाला न अडवता, ते मूल राहील. मला फक्त मूग गिळून बसायचं होतं. मी मान खाली घातली. आमच्यात मान खाली घालणं म्हणजे हो.

थोड्या वेळाने कोरिननेही मान खाली घातली.

पुढचे बारा दिवस कसे गेले ते मला नीट सांगता येणार नाही. धुक्यात गेले. घेवडा एकदम आला होता, रोज टोपल्याच्या टोपल्या. मी शेंगा निवडायची, उकळत्या पाण्यात बरण्या बुडवायची, फडक्यावर पालथ्या घालायची. वाफेने स्वयंपाकघराच्या भिंती ओल्या झाल्या. त्या वाफेत मला एक मूल दिसायचं, चेहरा नसलेलं, पण हसणारं, मळ्यातल्या दोन ओळींमधून धावणारं. मी त्याला मनातल्या मनात हाक मारायची. मला मूल झालं नाही, हे इथेच सांगून टाकते, म्हणजे कुणी पुढे शोधत बसायला नको. त्या मुलाला वाचवल्याचा मला आनंद झाला होता. खरोखरचा आनंद. कोरिनचा चेहरा मात्र मी त्या बारा दिवसांत एकदाही डोळ्यांसमोर आणला नाही.

गुरुवारी अकरा वाजता तिचा नंबर होता. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत शेंगा मोडत बसले. अकरा वाजले, सव्वाअकरा झाले. कुत्रा उठून दुसऱ्या कुशीवर झोपला. मग मी आणखी एक बरणी बंद केली.

त्यानंतरच्या पहिल्या वारी, म्हणजे रविवारी, सभेला सगळे होते. ऑल्डन आयोवातच. कोरिन माझ्यासमोरच्या बाकावर बसली, मुलगा एका बाजूला, विनी मांडीवर. शांतता खाली उतरू लागली. मी नेहमीच्या वाटेने निघाले, बाकाची कड, हात, श्वास, माशी. पण खाली जाताच येईना. दार आतून लावलं होतं.

म्हणून मी डोळे उघडले. विनी आईच्या मांडीवर बसली होती आणि तिने आईचा एक हात दोन्ही हातांनी उचलून स्वतःच्या पोटाभोवती घेतला होता, शाल घ्यावी तसा. तो हात घसरून बाकावर पडला. विनीने पुन्हा उचलला, पुन्हा पोटाभोवती घेतला. पुन्हा पडला. कोरिनला काही कळत नव्हतं. तिचे डोळे उघडे होते आणि भिंतीवरच्या उन्हाकडे लागले होते, आणि तिच्या चेहऱ्यावर कुणी नव्हतं. विनी रडली नाही, कुरकुरली नाही. तिला याची सवय झालेली होती. तिसऱ्यांदा तिने हात उचलला आणि या वेळी त्याचा अंगठा घट्ट धरून ठेवला.

आतून काहीतरी मला उठवत होतं, उजेड बोलायला लावतो तेव्हा उठवतो तसं, पण हा उजेड वगैरे नव्हता. ही लाज होती. मी उभी राहिले.

"कोरिनच्या निवळणीत मी होते," मी म्हणाले. "तिची तारीख चौदा होती. ती मला माहीत होती. तीसला पुन्हा बसायचं ठरलं तेव्हा मी बोलले नाही. मला जे व्हायला हवं होतं ते तुमच्या धीराच्या आडून मी करून घेतलं. तिला मी एकटं सोडलं." आणि बसले.

सभेत बोललेल्याला कुणी उत्तर देत नाही. माझं बोलणं तिथेच पडून राहिलं आणि त्याच्यावर शांतता येऊन बसली. इतकी लांब सभा मी जन्मात बसले नाही. घड्याळाने तास दिला तरी एलवुड हात मिळवायला हलेना. तो रडत होता. कोरिनने मात्र माझ्याकडे पाहिलंच नाही.

बाहेर एलवुड माझ्याजवळ आला. "मी का नाही विचारलं, ऑर्फा? दाताच्या डॉक्टरकडे जायचं असलं तरी माणूस कधी जायचंय विचारतो."

"तुला माहीत नव्हतं."

"विचारलं असतं तर झालं असतं माहीत."

मर्लिस गाडीजवळ उभी राहून आधीच फोनवर बोलत होती. फोन ठेवून ती माझ्यासमोर आली. "पिट्सबर्गला नंबर मिळाला, तीन आठवड्यांनी, बुधवारी. आता गोळ्यांनी होणार नाही, आत घेऊन करतील." चष्म्याची साखळी तिने बोटाला गुंडाळली. "ऑर्फा, तुझं मत वेगळं आहे म्हणून मी तुला कधी काही बोलले नाही. पण हे मत नव्हतं. हे काय होतं ते तूच शोध."

मी हो म्हणाले. ती वळून गेली, मग परत आली. "आणि जेवत जा. भुतासारखी दिसतेस."

ते तीन आठवडे मर्लिस आणि तिचा नवरा कोरिनकडे आळीपाळीने राहिले. डॉक्टरने तिच्या मनाच्या आजाराच्या गोळ्या वाढवल्या. मला कुणी बोलावलं नाही आणि मी गेले नाही. रोज दुपारी मी ओट्यावर बसून तिला उजेडात धरायचा प्रयत्न करायची, म्हणजे माणसाला मनात घेऊन नुसतं बसायचं, काही मागायचं नाही. पहिले काही दिवस तिच्या मागून ते बिनचेहऱ्याचं मूल यायचं आणि मी त्याच्याकडे वळायची. मग हळूहळू दोघंही एकदम यायला लागली. कुणालाही घालवता येईना.

मंगळवारी संध्याकाळी कोरिन आली. फाटकाबाहेरच उभी राहिली.

"उद्या सकाळी सहाला निघायला हवं," ती म्हणाली. "तू चालवशील."

"मर्लिस येणार होती ना?"

"मर्लिसला मी नको म्हटलं. गाडीत पेट्रोल भरून ठेव."

दोन तासांचा रस्ता. दऱ्यांतून धुकं भरलं होतं, टेकड्यांचे फक्त माथे वर, आम्ही एका माथ्यावरून दुसऱ्या माथ्याकडे तरंगत चाललो होतो असं वाटत होतं. नदी आली ती दिसलीच नाही, पुलाखाली नुसतं पांढरं. नदीपलीकडे एक राज्य पंधरा मिनिटांत संपलं आणि पुढचं लागलं. कुठे रेघ नव्हती, झाडं तीच होती. कोरिन खिडकीला डोकं टेकून बसली होती. मला वाटलं झोपली.

"मी तुझ्याकडे बघत होते," ती एकदम म्हणाली. "त्या शनिवारी. एलवुड तीस तारीख म्हणाला तेव्हा."

"माहीत आहे."

"तू बोलशील म्हणून थांबले. मला वाटलं, ऑर्फा बोलेल. तिला पटत नाही, पण ती बोलेल, कारण ती खोटं वागत नाही. तू मान खाली घातलीस."

"तू का नाही बोललीस?" हे विचारायचा मला हक्क नव्हता, तरी विचारलं.

"माझ्यात तेवढी मी उरलेच नव्हते गं." तिने काचेवरची वाफ बोटाने पुसली. "आणि आपल्याला तेच शिकवलंय ना, थांबावं. जे खरं आहे ते कुणाच्या तरी तोंडून येतंच."

मी गाडी चालवत राहिले.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "तुला काय वाटलं, मी तुला का बोलावलं?"

"वाटलं, मी तुला अडवावं म्हणून."

ती हसली. फार दिवसांनी मी तिचं हसणं ऐकलं, आणि ते काही गोड नव्हतं. "अडवायला बाहेर खूप लोक आहेत, पाट्या घेऊन. मर्लिस म्हणते, ते अजून काहीच नाही, स्वतःला त्रास करून घेऊ नकोस. ऑल्डन म्हणतो, तू ठरवशील ते. सगळे इतके चांगले आहेत. पण ऑर्फा, मला ते काहीच नाही असं वाटत नाही. मला वाटतं कुणीतरी आहे. आणि तरी मी जाणार आहे, कारण घरी दोन आहेत आणि त्यांना मी हवी. हे दोन्ही एकदम धरून माझ्याशेजारी बसेल अशी मला तूच दिसलीस. त्याचं ओझं वाटणारी सभेत तू एकटीच आहेस. पण तू एकच धरलंस आणि दुसरं सोडून दिलंस. दुसरी मी होते."

रस्ता मला दिसेना. मी गाडी कडेला घेतली. ट्रक धुक्यातून आले, गेले.

"मला माफ करशील?" मी विचारलं.

"आज नाही," ती म्हणाली. "चल, उशीर होईल. आणि तुला अजूनही वाटतं ना मी चुकतेय?"

आमच्यात खोटं बोलत नाहीत. "वाटतं."

"बरं. नाही म्हणाली असतीस तर मी उतरून चालत गेले असते."

दवाखान्याच्या दाराशी सातआठ माणसं पाट्या घेऊन उभी होती. एक विशीतली मुलगी धावत माझ्याकडे आली, तिचे डोळे खरोखर भरलेले होते. "आजी, तुम्ही तरी थांबवा तिला. आत एक जीव आहे हो."

"मी तुझ्याच मताची आहे गं," मी म्हणाले. "जरा बाजूला हो, तिला चालवत नाहीये." ती इतकी गोंधळली की खरंच बाजूला झाली.

आत त्यांनी कोरिनचं नाव पुकारलं. ती उठली, दोन पावलं गेली, मागे वळली. "ऑर्फा, बसशील ना?"

"बसते."

"तशी नाही. आपली. आपल्यासारखी बसशील?"

"बसते," मी म्हणाले.

मग मी बसले. प्लास्टिकची खुर्ची, समोर मासे पोहणारा टीव्ही, कोपऱ्यात एक मुलगी आईच्या खांद्यावर झोपलेली. मी हात मांडीवर ठेवले. खुर्चीची कड टोचायची थांबली. टीव्हीतले मासे लांब गेले. हात कुणाचे ते कळेनासं झालं, आणि कित्येक आठवड्यांनी दार उघडं सापडलं, मी खाली गेले. तिथे कोरिन होती, आणि तिच्याशेजारी ते होतं, चेहरा नसलेलं. मी दोघांमध्ये बसले. एकाचाही हात सोडला नाही. मग एका हातातलं हळूहळू हलकं होत गेलं. मी धरून होते, तरी होत गेलं.

किती वेळ गेला ठाऊक नाही. शेजारची खुर्ची हलली. कोरिन बसली होती, पांढरी पडलेली, हातात बिस्किटाची पुडी.

तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. "रडलीस?"

"हो."

"त्याच्यासाठी?"

"त्याच्यासाठी. आणि तुझ्यासाठी. वेगळं करता येईना."

"बरं झालं," ती म्हणाली. "मला अजून रडता येत नाही. कुणीतरी रडायला हवं होतं."

तिने बिस्किटाची पुडी फोडली, अर्धं मला दिलं. ते खाऊन झाल्यावरही आम्ही उठलो नाही. नर्स दोनदा येऊन सांगून गेली की निघायला हरकत नाही. दुसऱ्या वेळी कोरिनने तिला सांगितलं, "थोडं थांब. आम्ही अजून बसलोय."